चकवा आकाशातही लागतो

चकवा लागणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. रात्री शेतावरून घरी निघालेला माणूस रोजच्या वाटेवर भरकटतो, तासभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडाखाली येऊन उभा राहतो. घरचे म्हणतात, चकव्यानं फिरवलं. भूत कुणी पाहिलेलं नसतं, पण गोल गोल फिरणं मात्र खरं असतं.

ते किती खरं आहे, हे २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. त्यांनी काही स्वयंसेवकांना जर्मनीतल्या एका जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात नेऊन एवढंच सांगितलं, 'सरळ चालत राहा.' सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात चालणारे मात्र आपलीच वाट पुन्हा ओलांडून गेले आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र दिसेनासा होताच वळत वळत आला होता तिकडेच परत निघाला. वाट तिरपी होते आहे, असं यांतल्या कुणालाही आतून जाणवलं नव्हतं.

हे सांगायचं कारण विमान अपघात. वाळवंटात, समुद्रावर किंवा बर्फाळ डोंगरात विमान कोसळलं, की दोन प्रकारचं बोलणं लगेच सुरू होतं. एक गूढकथांचं: त्या जागेतच काहीतरी आहे, कुणाचा तरी कट आहे. दुसरं एका वाक्यात निकाल लावणारं: वैमानिकाची चूक. डॉक्टर म्हणून मला दोन्ही सारखीच अपुरी वाटतात, कारण दोन्हींमुळे पुढचा प्रश्न विचारणं थांबतं.

निर्जन जागी झालेल्या प्रत्येक अपघाताचं कारण एकच असतं, असं नाही. १९ सप्टेंबर १९८९ रोजी नायजरमधल्या तेनेरे वाळवंटावर यूटीए कंपनीचं विमान फुटलं आणि १७० माणसं गेली, ते बॉम्बमुळे. २४ जुलै २०१४ रोजी मालीच्या वाळवंटी भागात एअर अल्जेरीचं विमान पडून ११६ जण गेले. तिथे इंजिनाचा दाब मोजणाऱ्या संवेदकांवर बर्फ साचला होता आणि बर्फ रोखणारी यंत्रणा सुरू केलेली नव्हती. ही विमानं वाळवंटात पडली, वाळवंटामुळे पडली नाहीत. पण काही अपघातांत उजाड, काळोख्या प्रदेशाचा वाटा खराच असतो. तो समजण्यासाठी आपल्या कानात डोकावावं लागतं.

कान केवळ ऐकण्यासाठी नाही. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव किंचित मागे राहतो, तिथल्या सूक्ष्म केसांच्या पेशी वाकतात आणि मेंदूला वळण्याची खबर मिळते. पण एकाच वेगानं वळत राहिलं, की दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच वेगानं फिरू लागतो. मग मेंदूला वाटतं, आपण स्थिर आहोत. फुगडी घालून थांबल्यावर जग उलट्या दिशेनं फिरतं, ते यामुळेच. शिवाय वळण फारच सावकाश असेल, तर खबर मुळात जातच नाही.

नलिकांच्या शेजारीच कॅल्शियमचे बारीक कण असलेले दोन अवयव असतात. डोकं कुठे कललं आहे, हे ते सांगतात. वयस्क रुग्ण ओपीडीत येऊन सांगतात, 'डॉक्टर, कुशीवर वळले की खोली गरगर फिरते.' त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच कण जागेवरून सुटलेले असतात. या अवयवांची एक मोठी मर्यादा आहे. डोकं मागे कलणं आणि शरीर वेगानं पुढे ढकललं जाणं, यातला फरक त्यांना कळत नाही. फास्ट लोकलनं वेग घेतला की डोळे मिटून पाहा. खिडकीबाहेर डोळे असले, तर मेंदू ही चूक लगेच सुधारतो. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याला एवढी व्यवस्था पुरेशी आहे. आकाशात क्षितिज दिसेनासं झालं, की दुरुस्ती करणारे डोळेच कामाबाहेर जातात.

पार्ल्याच्या उशाशी विमानतळ आहे. पश्चिमेकडे उडालेलं विमान मिनिटभरात किनारा ओलांडून समुद्रावर जातं. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ असंच दुबईला निघालं. मागे शहराचे दिवे होते, पुढे समुद्राचा काळोख. उड्डाणानंतर विमानानं उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि ते सरळ झालं. पण विमान किती कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र उजवा कल दाखवतच राहिलं. कॅप्टन ते सुधारण्यासाठी विमान डावीकडे झुकवत गेला. बाहेर क्षितिज नव्हतं आणि कान खोटी ग्वाही देत होता. शेजारच्या वैमानिकासमोर दुसरं यंत्र होतं, मध्ये तिसरंही होतं. फ्लाइट इंजिनिअरनं सावध करण्याचा प्रयत्नही केला. तरी उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचला नाही.

हा प्रकार आपल्याकडेच घडला असं नाही. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीनला रात्री उतरणाऱ्या गल्फ एअरच्या विमानानं उतरणं रद्द करून पुन्हा वर झेप घेतली. समोर काळाभोर समुद्र होता. वाढत्या वेगामुळे नाक फार वर गेल्याचा भास झाला असावा. कॅप्टननं नाक खाली दाबलं आणि विमान समुद्रात गेलं. १४३ जण गेले. लोकलमध्ये डोळे मिटल्यावर आपल्याला होतो तोच हा भास. अनुभवी वैमानिकालाही तो होतो, कारण अनुभवानं आतला कान बदलत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं १९५४ साली यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० शिकाऊ वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. त्याला सरासरी १७८ सेकंद लागले.

वाळवंटातल्या चकव्याचं सर्वांत करुण उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. ४ एप्रिल १९४३ रोजी 'लेडी बी गुड' हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान लिबियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून इटलीतल्या नेपल्सकडे गेलं. रात्री एकटं परतताना ते तळ ओलांडून पुढे निघून गेलं. खाली काळोख होता. भूमध्य समुद्र अजून संपायचा आहे, अशी नऊ जणांची समजूत होती. इंधन संपत आलं तेव्हा त्यांनी पॅराशूटनं उड्या मारल्या त्या समुद्रात पडण्याच्या तयारीनं, अंगात लाइफ जॅकेट घालून. पाय टेकले ते वाळूवर. एकत्र आलेले आठ जण अर्ध्या बाटलीभर पाण्यावर आठवडाभर किनाऱ्याच्या दिशेनं चालत राहिले. किनारा शेकडो किलोमीटर दूर होता. विमान १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना दिसलं. पुढच्या शोधात वाटेवर खुणेसाठी टाकलेली लाइफ जॅकेटं सापडली आणि १९६० मध्ये बहुतेकांचे मृतदेह.

आपण कुठे आहोत, याबद्दलचा असाच भ्रम महाराष्ट्रानंही पाहिला आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईला उतरायला निघालेलं अलिटालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जण गेले. आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून बरेच जवळ आलो, असं समजून वैमानिकानं विमान लवकर खाली आणलं होतं. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' आल्प्समधल्या माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानातलं दिशा दाखवणारं एक उपकरण बंद होतं. नियंत्रकानं रडारवर पाहून दिलेली माहिती आणि वैमानिकानं तिचा लावलेला अर्थ यांत फरक पडला आणि शिखर मागे पडलं असं समजून विमान खाली येऊ लागलं. भाभांच्या मृत्यूमागे कट होता, अशी कथा आजही दर जानेवारीत मोबाइलवर फिरते. ती पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी या बंद उपकरणाबद्दल ऐकलं आहे?

आता दुसऱ्या शब्दाकडे येऊ: 'वैमानिकाची चूक'. वर सांगितलेल्या बहुतेक अपघातांत ती होतीच; मी ती नाकारत नाही. पण रुग्णाला ताप आहे हे निदान नसतं, ते लक्षण असतं. ताप कशामुळे, इथून आमचं काम सुरू होतं. चूक कशामुळे, इथून तपासाचं काम सुरू व्हायला हवं.

अंटार्क्टिका हेही एक वाळवंटच, बर्फाचं. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं विमान तिथल्या एरेबस पर्वतावर आदळलं आणि २५७ जण गेले. पांढऱ्या आकाशाखाली पांढरा डोंगर, त्यामुळे समोरचा चढ दिसलाच नाही. पहिल्या अहवालानं मुख्य दोष वैमानिकावर ठेवला. नंतर न्यायमूर्ती पीटर माहन यांच्या चौकशीत पुढे आलं, की उड्डाणापूर्वी संगणकातला मार्ग बदलला गेला होता आणि तो बदल वैमानिकांना कुणी सांगितलाच नव्हता. पहिल्या उत्तरावर थांबलो असतो, तर दोष मृत माणसाच्या नावावर राहिला असता आणि कार्यालयातली ती पद्धतही तशीच राहिली असती.

आपल्याकडचं उदाहरण मंगळूरचं. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ जण गेले, आठ वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत दिसलं, की कॅप्टन उड्डाणात दीड तासाहून अधिक झोपला होता आणि उतरण्याच्या सुमारास त्याचा मेंदू पूर्ण जागा झालेला नसावा. सहवैमानिकानं उतरणं रद्द करायला सुचवलं होतं, तरीही कॅप्टन उतरत राहिला. हा कानाचा भ्रम नव्हता, पण धडा तोच आहे. भास कुणालाही होतो. त्याला ओलांडून यंत्रावर, शेजारच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायला ताजा मेंदू लागतो. रात्रपाळीनं शिणलेल्या मेंदूची पहिली हरवणारी गोष्ट हीच: आपण चुकत असू, ही शंका. शासकीय रुग्णालयात पहाटे चार वाजता काम केलेल्या कुणालाही हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

म्हणून वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम ही कामगार आणि कंपनी यांच्यातली घासाघीस नाही. नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या उड्डाणांचा गोंधळ झाला, तेव्हा त्यातल्या काही अटी तात्पुरत्या सैल केल्या गेल्या. विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांचे हाल खरेच होते. पण नियम येणार हे माहीत असताना माणसं कमी पडली, तर वेळापत्रक आखडतं घ्यावं. झोप आखडती घेऊ नये. सैल केलेली अट पुन्हा आवळली जाते आहे ना, याकडे प्रवासी म्हणून आपलं लक्ष हवं.

विमान प्रवासाला घाबरावं, असं मी मुळीच म्हणत नाही. जमिनीजवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा, सिम्युलेटरमधलं प्रशिक्षण, 'कॅप्टन, मला वेगळं दिसतंय' असं म्हणण्याची कनिष्ठाला दिलेली मुभा, हे सगळं अशाच अपघातांच्या अहवालांतून आलं. ते आलं, कारण कुणीतरी पहिल्या उत्तरावर थांबलं नाही. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातात मात्र अंतिम अहवाल येण्याआधीच समाजमाध्यमांवर निकाल लागून गेले.

जुनी माणसं सांगत, चकवा लागला तर चालत सुटू नये. बसावं, दिशा उमगली की मग उठावं. विमानाला आकाशात बसता येत नाही. अपघातानंतर जमिनीवर असलेल्या आपल्याला मात्र तेवढं थांबणं सहज जमण्यासारखं आहे. पुढच्या वेळी बातमी येईल तेव्हा दोष कुणाचा, हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारू या. त्यांना बाहेर काय दिसत होतं? यंत्रं काय सांगत होती? आणि ते किती तास जागे होते?