चित्रफितीसाठी पैसा कोठे खर्चावा?

कपाशीच्या शेतात कामगंध सापळा कसा लावावा, हे चार पाने लिहून सांगण्यापेक्षा चार मिनिटांत दाखविणे सोपे असते. म्हणूनच गावपातळीवर काम करणारे अनेक कार्यकर्ते आज आपल्या मोबाइलवर प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती तयार करतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु चित्रफीत तयार करणे हे निम्मे काम होय. ती शेतकऱ्याच्या मोबाइलवर विनाअडथळा चालणे हे उरलेले निम्मे काम, आणि नेमके तेथेच आपले श्रम वाया जातात.

परभणी जिल्ह्यातील पेडगाव येथे मला याचा प्रत्यय आला. गुलाबी बोंडअळीविषयी दहा मिनिटांची चित्रफीत मी चित्रित केली आणि आहे तशीच इंटरनेटवरील एका जागी ठेवून तिचा पत्ता शेतकऱ्यांना कळविला. दुसऱ्या दिवशी पारावर बसलेल्या मंडळींच्या मोबाइलवर पाहतो तो नुसते चक्र फिरत होते. एक वयोवृद्ध शेतकरी म्हणाले, “साहेब, तुमचा सापळा दिसेपर्यंत अळी बोंडात शिरेल.” त्यांचे म्हणणे रास्त होते. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडले की उपाय योजावा, अशी शिफारस आहे. असा सल्ला आठवडाभर उशिरा पोचला, तर तो न दिल्यासारखाच.

दोष कोणाचा?

दोष नेटवर्कचा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु हिशेब केला तर दोष बव्हंशी आपलाच निघतो. मोबाइलवर मोठ्या आकारात चित्रण करताना सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट माहिती साठविली जाते. दहा मिनिटांचे म्हणजे ६०० सेकंदांचे असे चित्रण जवळजवळ १२७५ मेगाबाइट भरते. हेच चित्रण ४८० ओळींच्या आकारात, चित्रासाठी सेकंदाला ६०० व आवाजासाठी ६४ किलोबिट या मापाने रूपांतरित केले, तर ते सुमारे ५० मेगाबाइटमध्ये मावते. शंभर शेतकऱ्यांनी ते पाहिले, तर एकूण खर्च १२७ गिगाबाइटऐवजी ५ गिगाबाइट होतो. ज्याच्या पॅकमध्ये दिवसाला दीड गिगाबाइट मिळते, त्याने एका चित्रफितीसाठी सारा दिवस खर्ची घालावा, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. हा पैसा आपल्या खिशातून जात नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही, इतकेच.

कापूस आहे तसा गाडीत भरून दूर पाठविण्याऐवजी आपण तो जिनिंगमध्ये नेतो, सरकी वेगळी करतो, रुईची गाठ बांधतो आणि मग रवाना करतो. चित्रफितीचे रूपांतर हे तशाच स्वरूपाचे काम आहे. मात्र वेगळी केलेली सरकी जशी पुन्हा रुईला चिकटविता येत नाही, तद्वत रूपांतरात गेलेला तपशील परत मिळत नाही. यास्तव मूळ चित्रण नेहमी स्वतंत्र जपून ठेवावे.

विकत घ्यावे की फुकटचे वापरावे?

माझी चूक मी येथे कबूल करतो. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी वार्षिक वर्गणीचे एक सॉफ्टवेअर विकत घेतले. त्याआधी चाचणीसाठी मिळालेल्या प्रतीने तयार केलेल्या प्रत्येक चित्रावर त्या सॉफ्टवेअरचे नाव आडवे उमटत होते, म्हणून पैसे भरणे मला भाग वाटले. वर्ष संपताच ते बंद पडले. त्यानंतर मला कळले की, जे काम मी पैसे देऊन करीत होतो, ते करणारी चांगली साधने विनामूल्य उपलब्ध आहेत.

ही साधने कच्ची किंवा दुय्यम आहेत, असा समज करून घेऊ नये. ‘एफएफएमपेग’ या आज्ञावलीचे काम फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केले, आणि आज चित्रफितींची देवघेव करणाऱ्या असंख्य यंत्रणा तिच्यावर उभ्या आहेत. तिला आज्ञा टंकून द्याव्या लागतात, म्हणून नवख्याला ती अवघड वाटेल. ‘हँडब्रेक’ हे २००३ पासूनचे साधन मात्र बटणे दाबून चालते. ‘व्हीएलसी’ हे पुष्कळांच्या संगणकावर असलेले साधनही चित्रफितीचे रूपांतर करू शकते. ही तिन्ही खुल्या परवान्याची आहेत. ती वापरण्यास, दुसऱ्यास देण्यास व अनेक संगणकांवर बसविण्यास शुल्क पडत नाही.

विकतच्या साधनांना काहीच गुण नाही, असे माझे म्हणणे नाही. ज्या संस्थेत रोज अनेक चित्रफितींचे संपादन होते व जेथे अडचण येताच मदत लागते, तेथे तो खर्च योग्य ठरेल. परंतु महिन्याला दोन-तीन चित्रफिती करणाऱ्याने वर्गणी भरणे म्हणजे दोन एकरांसाठी कापणीयंत्र विकत घेण्यासारखे होय. तो पैसा सदऱ्याला लावण्याच्या लहान मायक्रोफोनवर खर्च करावा. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी शेतकरी समजून घेतो. वाऱ्याच्या आवाजात औषधाचे प्रमाण ऐकू आले नाही, तर मात्र पीक धोक्यात येते.

रूपांतर कसे करावे?

हँडब्रेकमध्ये चित्रफीत उघडून ‘फास्ट ४८०पी३०’ हा तयार पर्याय निवडावा. रोगाचे ठिपके किंवा बारीक कीड दाखवावयाची असेल, तर ‘फास्ट ७२०पी३०’ घ्यावा. ‘एमपी४’ हा साचा व ‘एच.२६४’ ही चित्रपद्धती ठेवावी. २०१३ पासून आलेल्या एच.२६५ व एव्ही१ या पद्धती आणखी कमी जागा घेतात, हे खरे. परंतु जुन्या मोबाइलवर त्या अडखळतात, आणि आपला वाचक-प्रेक्षक बहुधा जुनाच मोबाइल वापरतो. गुणवत्तेचा आकडा जितका मोठा, तितकी फाइल लहान. ४८० ओळींसाठी १८ ते २२ हा आकडा सामान्यतः सुचविला जातो. नुसते बोलणे असेल तर त्याहून थोडा मोठा आकडा लावून पाहावा. ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ ही चौकट अवश्य निवडावी. तिच्यामुळे चित्रफितीची अनुक्रमणिका फाइलच्या आरंभी येते आणि सर्व फाइल उतरण्यापूर्वीच चित्र सुरू होते.

चित्रफीत यूट्यूबवर ठेवावयाची असेल, तर ती आधी अतिशय लहान करू नये. तेथे तिची निरनिराळ्या आकारांत रूपांतरे आपोआप होतात, व दोनदा दाबलेले चित्र अधिक बिघडते. लहान प्रत ही आपल्या संकेतस्थळासाठी व व्हॉट्सअॅपवर पाठविण्यासाठी करावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय तर चित्रणापूर्वीचाच आहे : मोबाइलमध्ये ७२० ओळींचा आकार निवडून मगच चित्रण करावे.

दोन धोके

चोरून फोडलेले विकतचे सॉफ्टवेअर कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिले, तर ते घेऊ नये. त्यातून संगणकात विषाणू शिरतात. विनामूल्य साधनही त्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्या एका वितरण-सर्व्हरवरच मॅक संगणकासाठीची घातक प्रत काही दिवस ठेवली गेली होती. म्हणून तेथेही दिलेली खूण-संख्या पडताळून पाहणे हितावह आहे. दुसरे असे की, ‘येथे चित्रफीत द्या, रूपांतर करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी ठिकाणी शेतकऱ्याचा चेहरा, नाव व शेत असलेले चित्रण देऊ नये. ते आपल्या विश्वासावर आपल्यासमोर उभे राहिलेले असते.

शेवटी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांच्या १५० खेड्यांत रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. त्या प्रयोगाचे बळ रेडिओच्या पेटीत नव्हते, ते त्या चर्चेत होते. चित्रफितीचेही तसेच आहे. ती हलकी करून, खर्च वाचवून, वेळेवर पोचवावी. आणि पोचल्यावर आपणही पारावर जाऊन बसावे, ‘कळले का?’ असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. ते काम कोणतेही सॉफ्टवेअर, विकतचे वा फुकटचे, आपल्याकरिता करणार नाही.