एसटी थांबली की अडतो आपलाच माणूस

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ कंडक्टरला मारहाण झाली, मग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं. दोन्ही प्रकार निषेधार्हच. पण उत्तर म्हणून महाराष्ट्र सरकारनं काय केलं? कर्नाटकात जाणाऱ्या एसटी थांबवल्या. मुंबईत बसून हे सोपं आहे. अशा वेळी भालकीहून उदगीरला, आळंदहून उमरग्याला दवाखान्याला, कॉलेजला जाणाऱ्यांनी काय करायचं?

आपल्याकडं हा काही परराज्याचा प्रवास नाही. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्याचेच तालुके होते. रेघ सरकारनं ओढली, सोयरीक तशीच राहिली.

गाड्या बंद केल्या की लांबच्यांना आनंद होतो. इथला मराठी माणूस जीपला लटकतो. वर सीमाभाग महाराष्ट्रापासून अजून तुटतो, म्हणजे आपलीच मागणी कमजोर होते.

म्हणून सरळ सांगतो : वाद कुठलाही असो, सीमेलगतच्या तालुक्यांतल्या फेऱ्या चालूच राहतील, असं दोन्ही राज्यांनी लेखी ठरवावं. मोर्चा काढू, निवेदन देऊ. पण मित्रांनो, गाडी थांबवा असं आपण तरी म्हणायचं नाही.