कोड नंबर कुणाच्या नावावर?

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या भागातल्या कुठल्याही दूध डेअरीवर जाऊन उभं राहा. किटल्या घेऊन आलेल्यांत बायका, पोरी किती आहेत ते बघा. पहाटे उठून शेण काढणं, वैरण टाकणं, पेंड कालवणं, धारा काढणं आणि मग दूध घालायला येणं, यातलं बरंचसं काम त्यांनीच उरकलेलं असतं. आता मशीनमधून निघणारी पावती हातात घ्या. लिटर, फॅट, एसएनएफ, दर सगळं बिनचूक. वर नाव मात्र नवऱ्याचं, सासऱ्याचं, नाहीतर दिराचं.

या पावत्या छापणारा एक प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे. म्हणून हा लेख म्हणजे थोडीफार माझीच झडती आहे.

मी जुन्नर तालुक्यात राहते आणि छोट्या धंद्यांना लागतील तसे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून देते. नोकरी नाही, साहेब नाही. नारायणगावच्या बाजारातले टोमॅटोचे व्यापारी, रोपवाटिका, खतांची दुकानं, दूध संकलन केंद्रं ही माझी गिऱ्हाइकं. जमाखर्चासाठी टॅली १९८० च्या दशकापासून आहेच. पण क्रेटचा हिशेब, शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाई, दुधाचा दर दहा दिवसांचा पगार आणि त्यातून कापायची पेंडीची उचल हे सगळं जसंच्या तसं तयार मिळत नाही. ते गिऱ्हाइकाच्या गाळ्यात बसून, त्याची वही बघून, विचारून विचारून करावं लागतं.

सुरुवातीला “तुमचे मिस्टर येतील का?” असं विचारायचे. दुकानदार पेंटरचे पैसे रोख देतो आणि मला “बघू पुढच्या महिन्यात” म्हणतो, हे अजूनही घडतं. घरात बसून केलेल्या कामाला काम न म्हणण्याची सवय आपल्या समाजाला जुनीच आहे. कॉम्प्युटर आला म्हणून ती गेलेली नाही. खरं तर १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा मोठा संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याच्यासाठी प्रोग्रॅम तयार करणाऱ्या सहाही जणी बायकाच होत्या. त्यांची नावं लोकांपुढे यायला कित्येक वर्षं जावी लागली. काम बाईचं आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट फक्त गोठ्यातली नाही.

आता मूळ मुद्दा. प्रोग्रॅम लिहिताना पहिला प्रश्न येतो तो नावाचा. कागदाच्या वहीत समासात चार शब्द लिहिता येतात: ‘पैसे सुनेकडे द्यावे’. प्रोग्रॅममध्ये चौकट एकच असेल तर नाव एकच बसतं. त्या चौकटीला कोड नंबर मिळतो, कोडला बँक खातं जोडलं जातं आणि एका पुरुषाचं नाव म्हणजेच ‘दूध उत्पादक’ हे पक्कं होऊन जातं.

काही वर्षांपूर्वी एका संकलन केंद्राचं काम घेतलं तेव्हा मी सुचवलं होतं, की खातेदाराशेजारी जनावरं सांभाळणारीचंही नाव घेऊ या, आणि पगार कुणाच्या खात्यावर जावा हे कुटुंबाला विचारू या. चालक म्हणाले, “ताई, आम्हाला हिशेब हवाय, घराघरांत भांडणं नकोत.” मी गप्प बसले. कामाची गरज होती. चौकट एकच ठेवली.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. ते थेट बँक खात्यात जाणार होतं. त्यासाठी आधार, खातं आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद जुळावी लागत होती. त्याच हिवाळ्यात आमच्याकडच्या एका बाईचा नवरा वारला होता. तेराव्यानंतर ती पुन्हा दूध घालायला येऊ लागली, त्याच कोडवर. कोड त्याचा, खातं त्याचं, बिल्ल्यावरच्या नोंदीतही नाव त्याचंच. यादीत तिचं नाव निघेना. चालकानं तिच्यादेखत तिचं नाव टाकून शोधलं. पडद्यावर आलं: ‘नोंद सापडत नाही’.

ते वाक्य मी लिहिलेलं होतं. वर्षानुवर्षं दोन्ही वेळच्या धारा काढणाऱ्या बाईला माझ्या प्रोग्रॅमनं सांगितलं, की तू नाहीसच. त्या खेपेचं अनुदान तिला मिळालं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी ती दुसरी चौकट घातली, पैसे न घेता. आता बाईच्या नावावर कोड निघतो. फार जणींनी काढला असं नाही. काहींनी घरी विषय काढला आणि पुन्हा त्याबद्दल बोलल्या नाहीत.

यावर कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, “नावावर करून काय? एटीएम कार्ड नवऱ्याच्याच खिशात.” खरं आहे. पण १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं, तेव्हाही ‘नुसत्या नावानं काय होतंय’ असं म्हणणारे होतेच. १९९४ मध्ये महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं, त्याच वर्षी एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मानं हक्क मिळाला. कागदावर नाव आलं म्हणजे सत्ता आली असं होत नाही. पण नाव नसेल तर भांडायला उभं राहायलाही जागा राहत नाही.

आज कागदाची जागा प्रोग्रॅम घेतो आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की या चौकटी हा आपल्या चळवळीचा विषय आहे. मोठ्या कंपनीच्या तयार प्रोग्रॅमपुढे आपलं फारसं चालत नाही. पण तालुक्याच्या गावात चहा पिता पिता ठरणाऱ्या या छोट्या कामांत नक्की चालू शकतं.

बचत गट, महिला दूध संस्था, गृहोद्योग कुणाकडूनही प्रोग्रॅम करून घेतील, तेव्हा चार गोष्टी लेखी मागाव्यात. एक, काम करणारीच्या नावाची स्वतंत्र नोंद. दोन, माहिती गटाच्या मालकीची, आणि हवी तेव्हा सगळीच्या सगळी बाहेर काढून मिळेल अशी. तीन, पडदा आणि पावती मराठीत, आणि तीही युनिकोडमध्ये, नाहीतर जुन्या फॉण्टमधलं लिखाण दुसऱ्या मशीनवर वाचताच येत नाही. चार, दुरुस्तीचे दर आधी ठरवलेले. आणि हो, प्रोग्रॅम लिहिणारी बाई असेल तर तिचे पैसे वेळेवर द्या!

माझ्यासारख्या जणींना एवढंच सांगायचं आहे: “ताई, भांडणं नकोत” असं कुणी म्हणालं की मी गप्प बसले, तशा बसू नका. भांडण आधीपासून चालूच असतं. एकच चौकट ठेवून आपण फक्त त्यात एका बाजूला जाऊन बसतो.

उद्या डेअरीवर गेलात तर पावतीवरचं नाव वाचा, आणि किटली कुणाच्या हातात आहे तेही बघा.