घरचा संगणक, घरची भाषा

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत भाषेचा व्यवहार एकपदरी कधीच नसतो. आजी मराठीत बोलते, नातवंडे शाळेतून कन्नड आणि इंग्रजी घेऊन येतात, आणि बाजारात तिन्हींची सरमिसळ होते. कन्नड काव्यासाठी ज्ञानपीठ मिळविणारे द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि मराठीत कथा लिहीत. अशा गावात घरातील संगणकाने मात्र केवळ इंग्रजीच जाणावी, हे शोभण्यासारखे नाही.

हा विषय आज काढण्यास एक निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. अनेक घरांतील जुनी यंत्रे पुढच्या आवृत्तीला चालत नाहीत. पण म्हणून ती मोडीत काढावीत असे नाही. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सवर ती बरीच वर्षे सुखाने चालू शकतात. यंत्र जुने असेल तर एक्सएफसीई हा हलका दर्शनी मांडव घ्यावा. बरे असेल तर नोम घ्यावा. पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, त्यामुळे मूळ यंत्रणेला धक्का न लावता पारख होते. कायमची बसविण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत, हे सांगणे नलगे.

आता मांडणीकडे वळू. घरातील प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे. मग आजींच्या खात्यात यादीतील शब्द मराठी, अक्षर मोठे व रंग ठसठशीत. मुलांच्या खात्यात कन्नड किंवा इंग्रजी, रंगसंगती त्यांच्या आवडीची. एकाच्या आवडीचा दुसऱ्याला जाच होत नाही. नेहमी लागणारी चार-पाच कामेच आजींच्या डोळ्यांसमोर ठेवावीत. भाषा मराठी ठरविली की काही टंक ल आणि श ही अक्षरे आपल्या वळणाची दाखवितात, हाही एक लाभ. अनुवाद बहुधा स्वयंसेवकांच्या श्रमांतून झालेला असल्याने मधूनच इंग्रजी शब्द डोकावतील. त्याने बिचकू नये.

खरी गंमत कळफलकात आहे. मराठीसाठी तेथे दोन रचना मिळतात. पहिली इनस्क्रिप्ट, १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेली. तीत स्वर व मात्रा बहुतांशी डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला; आणि ज्या कळीवर देवनागरी क, तिच्यावरच कन्नड ಕ. आपला ळ शिफ्ट दाबून एन-कळीवर मिळतो, कन्नड ಳ देखील तेथेच. दुसरी रचना कगप, म्हणजे कन्नड गणक परिषदेच्या नावाने ओळखली जाणारी. के. पी. राव यांनी कन्नडसाठी आखलेली ही उच्चारानुसारी पद्धत कर्नाटक सरकारने स्वीकारली, आणि लिनक्समध्ये ती मराठीलाही लागू केलेली आहे. इंग्रजी जी-कळीवर ग, एम-कळीवर म, असा तिचा सोपा हिशेब. कन्नड कामासाठी जी रचना हाताखालची असेल, तीच मराठीसाठी निवडावी.

नोममध्ये सेटिंग्ज उघडून कीबोर्डच्या पानावर इंग्रजी, मराठी व कन्नड असे तीन कळफलक जोडावेत. नंतर सुपर, म्हणजे विंडोजची खूण असलेली कळ, धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. त्याच पानावर इतर जोडकळाही आपल्या सोयीने ठरविता येतात. पत्रलेखनाचा कार्यक्रम एका दाबासरशी उघडावा अशी योजना अवश्य करावी.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. आपल्या मुलांना मराठी समजते, बोलता येते. लिहिणे मात्र सुटत चालले आहे. ज्या नातवाची बोटे कन्नड कळांवर सरावलेली आहेत, त्याला मराठी टंकलेखन नव्याने शिकावे लागत नाही. लिपीची ओळख तेवढी आपण करून द्यावयाची, आणि तेही हिंदीमुळे पुष्कळांचे अर्धे झालेले असते. तेव्हा येत्या सुट्टीत कोल्हापूरच्या मावशीला किंवा पुण्याच्या काकांना जे पत्र धाडायचे, ते आजींनी सांगावे आणि नातवाने टंकावे. पहिल्या पत्राला अर्धा दिवस गेला तरी चालेल.