बँड येतोय? तिकीट काढा. पूर्ण पैशांचं.



पोस्ट लांब आहे आणि काही जणांना झोंबणार आहे. तरी लिहितेय, कारण पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांच्या याद्या बऱ्याच मंडळांत आत्ताच ठरतायत.

मुद्दा सरळ आहे. अभंग आणि लोकगीतं ड्रम्स-गिटारवर वाजवणारे बँड आपण इथे बोलावत नाही. कोणी बोलावलेच तर घासाघीस करतो. आणि मग वर तोंड करून म्हणतो, "काय करणार, मुलांना मराठीत इंटरेस्टच नाही."

आपली यादी डोळ्यांसमोर आणा. पाडव्याला नाटक, गणपतीत जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, दिवाळीला टीव्हीवरचा एखादा चेहरा. मला हे सगळं आवडतं. मी पहिल्या रांगेत बसून रडते. पण माझ्या रडण्याचं कारण गाण्याइतकंच त्या गाण्याबरोबरचा रेडिओ, चाळीतला जिना, आईची शिट्टी झालेली कुकरची भाजी, हे आहे. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीजवळ यातलं काहीच नाही. आपल्या आठवणी तिला वारशाने कशा मिळतील? तिला स्वतःच्या हव्यात, आणि त्या इथेच, आत्ताच तयार व्हायच्या आहेत. आपण काय करतो? मोठ्यांचा कार्यक्रम सुरू झाला की मुलांना बाजूच्या खोलीत पिझ्झा आणि सिनेमा लावून देतो. तिकिटावर लिहिलेलंच असतं: 'चाइल्डकेअर उपलब्ध'. आपल्या भाषेपासून मुलांना तीन तास सांभाळायची सोय!

आमच्या मंडळात (नाव लिहीत नाही, समजणारे समजतील) कोणीतरी सुचवलं की मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'सारख्या बँडला बोलावू. तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग, बरोबर बेस गिटार आणि ड्रम्स. दोन मिनिटांत विषय बंद. तीन आक्षेप आले. एकेक घेते.

आक्षेप पहिला: "अभंगाची वाट लावतात हे लोक."

ज्या पेटीवर आपण भजन म्हणतो ती पेटी कुठली? युरोपातली. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, भारतीय संगीताला ती शोभत नाही म्हणून, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. आज पेटीशिवाय भजन म्हटलं तर लोक विचारतील, पेटीवाला आला नाही का?

वारीत अभंग टाळ, मृदंग आणि वीणेवर म्हणतात, चालता चालता, शेकडो लोक एकदम. भीमसेनजींनी तो सभागृहात आणला, माइकसमोर, तबला-पेटीच्या साथीने, एकट्याच्या गळ्यातून. तोही बदलच होता, आणि केवढा मोठा! आज आपण त्यालाच मूळ समजून बसलोय. २०१६ मध्ये अजय-अतुलनी 'सैराट'चं संगीत हॉलिवूडमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन रेकॉर्ड केलं, तेव्हा आपली छाती फुगली होती. 'झिंगाट'वर आपण सगळे नाचलो, साड्या खोचून. मग बेस गिटारनेच काय पाप केलंय?

एक अट मात्र मलाही मान्य आहे. शब्द ऐकू आले पाहिजेत. ड्रम्सखाली गळा दबला तर अभंग उरला कुठे? ते साउंडवाल्याला ठणकावून सांगा. सगळे बँड चांगले असतात असंही माझं म्हणणं नाही. आधी ऐका, मग निवडा. न ऐकता नाकारणं याला चोखंदळपणा म्हणत नाहीत.

आक्षेप दुसरा: "मुलांना शास्त्रीय शिकवू. पाया पक्का हवा."

शिकवा की! कोणी अडवलंय? पण इथल्या शाळांनी तुमच्या मुलांना आधीच वाद्यं हातात दिली आहेत. कोणी मार्चिंग बँडमध्ये स्नेअर वाजवतो, कोणी जॅझ बँडमध्ये बेस. त्यांना ताल कळतो. आपल्यापेक्षा जास्त कळतो. नाही ती फक्त त्या तालावर बसलेली मराठी. असा बँड नेमकं तेच देतो: ओळखीचं वाद्य आणि त्यावर आजीची भाषा.

माझी मुलगी असंच एक रेकॉर्डिंग गाडीत ऐकत होती, स्वतःहून लावलेलं. विचारते, "आई, माहेर म्हणजे काय? आणि हे सगळे पुरुष पंढरपूरला माहेर का म्हणतात?" मराठी शाळेत चार वर्षं घातली, पण असा प्रश्न कधी आला नव्हता. माहेर म्हणजे काय हे मी तिला हायवेवर अर्धा तास सांगत होते. जिथे जायला निमित्त लागत नाही, जिथे तुझं कोणी मोजमाप करत नाही, जिथून निघताना पाय उचलत नाही. सांगता सांगता माझाच आवाज बसला, कारण माझं माहेर बारा हजार किलोमीटरवर आहे आणि आता तिथे दाराला कुलूप आहे. ती तीन वर्षांत कॉलेजला जाईल. घरातून ती गेली की घरातली मराठीही फोनवरच्या "जेवलीस का?" एवढी उरेल. माझ्याकडे वेळ इतकाच आहे. तुमच्याकडे किती आहे, मोजून बघा.

शेजारी बघा. २०२३ मध्ये दिलजित दोसांझ कोचेलाला पंजाबीत गायला. २०२४ मध्ये त्याने व्हँकुव्हरचं बीसी प्लेस स्टेडियम भरवलं. माझ्या मुलीच्या वर्गातल्या पंजाबी मुलांना गुरुमुखी वाचता येत नसेल, पण पंजाबी गाणी तोंडपाठ आहेत, आणि लाज तर अजिबात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे छान होते. पण अभिजात दर्जाने पंधरा वर्षांचं पोर गुणगुणायला लागत नाही.

आक्षेप तिसरा: "ओळखीचा चेहरा नसेल तर परवडत नाही."

हा माझ्या धंद्यातला प्रश्न. पुण्यात सीए झाले, इथे सीपीए, आणि मंडळाचे हिशेब फुकट बघते. तेव्हा आकडे घ्या.

समजा सहा वादक-गायक, एक साउंडवाला, एक मॅनेजर. आठ जण. वेगळ्या सांस्कृतिक परंपरेच्या कलाकारांसाठी पी-३ व्हिसा असतो. अर्ज मंडळाने किंवा इथल्या आयोजकाने करायचा. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे ना-नफा संस्थेला एका अर्जाला ५१० डॉलर. साउंडवाला आणि मॅनेजर मदतनिसांत धरले तर त्यांचा अर्ज वेगळा. म्हणजे १,०२०. आपण सगळं शेवटच्या घटकेला करतो म्हणून प्रीमियम प्रोसेसिंग लागतंच. फेब्रुवारी २०२४ च्या दराने एकाला २,८०५, दोन अर्जांचे ५,६१०. वकिलातीत माणशी २०५, आठांचे १,६४०. बेरीज ८,२७०. विमान माणशी १,४०० धरा, ११,२००. एकूण १९,४७०. यात वकील, हॉल, हॉटेल आणि बँडचं मानधन अजून आलेलंच नाही.

एका मंडळाने ३०० तिकिटांवर हे उचललं तर तिकिटामागे ६५ डॉलर नुसते व्हिसा आणि विमानाचे. नाहीच परवडणार. पण दहा मंडळांनी मिळून दौरा केला तर मंडळामागे १,९४७, तिकिटामागे साडेसहा डॉलर. म्हणजे अडचण बँडची नाही, आपलीच आहे. शेजारच्या मंडळाशी आपलं पटत नाही, तारखा जुळवायच्या नाहीत, 'पहिला कार्यक्रम आमच्याकडेच' हा हट्ट. आणि प्रीमियमचे ५,६१० तर निव्वळ आळसाचा दंड आहे. सहा-आठ महिने आधी ठरवलं तर वाचू शकतात.

आता जरा कडू. "टुरिस्ट व्हिसावर येणारच आहेत ना, मग एक कार्यक्रम करू देत, पाकिटात काहीतरी घालू" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! तिकीट लावून कार्यक्रम करणं टुरिस्ट व्हिसावर चालत नाही. उद्या प्रश्न आला तर तुमचं काही जात नाही, त्या कलाकाराचा पुढचा व्हिसा जातो. करही तसाच. परदेशी कलाकाराला पैसे देताना साधारण ३० टक्के कापून भरायची जबाबदारी देणाऱ्याची, म्हणजे मंडळाची. ५,००० डॉलर ठरवून त्याच्या हातात ३,५०० पडले की तो वर्षभर आपल्याला शिव्या देतो. खर्च वजा जाता कर लागावा यासाठी आयआरएसशी आधी करार करता येतो, पण अर्ज पहिल्या कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. आपल्यात इतके सीपीए आहेत. एकाने तरी हात वर करावा.

आणि मानधन. स्वतःच्या पगारवाढीसाठी तीन कंपन्यांच्या ऑफर टेबलावर ठेवणारी माणसं कलाकाराला म्हणतात, "आपल्या माणसांसाठी थोडं कमी करा ना." आपल्या माणसांसाठी म्हणून जास्त का नाही देत?

बँड एका रात्रीत उभा राहत नाही.

'इंडियन ओशन' घ्या. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झाला. 'कंडिसा' अल्बम आला २००० मध्ये. मधली दहा वर्षं कोणीतरी तिकीट काढून ऐकलं म्हणून ते टिकले. त्यांचा बेस वाजवणारा आणि गाणारा राहुल राम याने इथे कॉर्नेलमधून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी केली, परत गेला, नर्मदा बचाओ आंदोलनात राहिला, आणि नर्मदेकाठचं गाणं बँडमध्ये घेऊन आला. कॉर्नेलची पीएचडी आणि हातात बेस गिटार! आपल्यापैकी किती जणांच्या पोटात आत्ता गोळा आला, खरं सांगा. २००९ मध्ये त्यांचा गायक असीम चक्रवर्ती गेला. २०१३ मध्ये संस्थापक गिटारवादक सुश्मित सेन बाहेर पडला. तरी २०१४ मध्ये 'तांदनू' आला, आणि नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, 'तू है'. ते इथे दौऱ्यावर अनेकदा येऊन गेले. तीस वर्षांनंतरही नवीन गाणी निघतात, कारण ऐकणारे नुसतं जुनंच मागत बसले नाहीत.

त्या 'तांदनू'त एक पाहुणा कलाकार होता, कर्श काळे. आडनाव वाचलंत ना? जन्म इंग्लंडचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. तबला आणि ड्रम्स एकत्र आणून त्याने स्वतःची वाट काढली. २००१ मध्ये पहिला अल्बम. असं एखादं पोर आत्ता तुमच्याही बेसमेंटमध्ये धडाधडा वाजवत असेल, आणि तुम्ही वरून ओरडत असाल, "आधी एसएटी!" एसएटी होऊ दे. पण आपल्या भाषेत असं वाजवणारी माणसं जगात आहेत, हे त्याला एकदा समोर बसून दिसू दे.

आता कामाचं.

१. मंडळाच्या समितीला या आठवड्यात ईमेल टाका: वर्षातला एक कार्यक्रम बँडचा. सोबत दोन रेकॉर्डिंगच्या लिंक. नुसती मागणी केली तर कोणी हलत नाही.

२. चार-पाच जवळच्या मंडळांच्या खजिनदारांना एका फोनवर घ्या. अध्यक्षांना नको, खजिनदारांना. आम्ही लोक भांडत नाही, बेरीज करतो.

३. फुकट पास मागू नका. मुलांचं तिकीट अर्ध्या दरात ठेवायला सांगा, पण ठेवायला सांगा. तिकीट असलं की खुर्ची असते, बाजूची खोली नसते.

४. पहिल्या तीन रांगा बारा ते अठरा वयाच्या मुलांना. देणगीदार चौथ्या रांगेत बसले तरी त्यांना ऐकू येतं.

५. कार्यक्रमाआधी शब्द मराठीत, रोमन लिपीत आणि अर्थासह पालकांना पाठवा. गाडीत एक-दोनदा ऐकवा. 'शिकवू' मात्र नका.

६. घरबसल्या एवढं तरी: २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला एक पैसा मिळत नाही. आपल्या मंडळातल्या ३०० घरांनी एक नवं मराठी गाणं चार-चार वेळा ऐकलं तर १,२०० होतात. व्हॉट्सॲपवर एमपी३ फिरवून होत नाहीत.

ज्यांना अजून वाटतं की अभंगाला गिटार शोभत नाही, त्यांनी खाली जरूर लिहा. वाद घालायला मला आवडतं. फक्त आधी एक अख्खं गाणं ऐकून या, आणि जमलं तर घरातल्या टीनएजरला शेजारी बसवून. आमच्या भागातल्या खजिनदारांचा फोन येत्या रविवारी आहे. कोणाला यायचं असेल तर मेसेज करा.