प्रत्येकाचे सहा चेंडू

थंडीच्या दिवसांत आमच्या तेरखेड्यात सकाळी मैदान दवानं ओलं असतं आणि संध्याकाळी दप्तर टाकेपर्यंत अंधारून येतं. मग क्रिकेट गल्लीत शिरतं. तिथं बॅट दांडग्या पोरांच्या हाती. पहिली-दुसरीतल्यांनी गटारीत गेलेला चेंडू काढायचा आणि मुलींनी उंबऱ्यावरून बघायचं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात रविवारी मकतब सुटल्यावर एका वर्गातले बाक भिंतीला लावले. जुन्या मोज्यात शिंप्याकडच्या चिंध्या कोंबून चेंडू केला. लेदरचा चेंडू जवळपास १६० ग्रॅमचा, टेनिसचा ६० ग्रॅमच्या आतला. आमचा मात्र लागला तरी दुखत नाही, काचही फुटत नाही. चेंडू खालून टाकायचा. समोरच्या भिंतीला लागला की दोन धावा, छताला लागला की बाद. मुख्य नियम असा, की बाद झालं तरी सहा चेंडू पुरे खेळायचे आणि मग बॅट पुढच्याला द्यायची.

दुसरीतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. पहिल्या रविवारी तिचे सहाही चेंडू हुकले. मुलं हसली. नियम नसता, तर पहिल्याच चेंडूला तिच्या हातची बॅट गेली असती. मी दुसरा मोजा दोरीनं खिडकीच्या गजाला टांगला. आपली पाळी येईपर्यंत ती त्यालाच मारत राहिली. चौथ्या रविवारी चेंडू थेट फळ्यावर आदळला आणि ती ओरडली, ‘टीचर, दो रन!’ तिचा मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पाढे तिचे अजून चुकतात, पण आता हात वर येतो.

डॉन ब्रॅडमन लहानपणी घरामागच्या पाण्याच्या टाकीखालच्या विटांवर गोल्फचा चेंडू आपटून स्टंपनं टोलवायचे. पुढं कसोटीत त्यांची सरासरी ९९.९४ झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ साली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. आपली सगळी मुलं तिथवर जाणार नाहीत, जायची गरजही नाही. पण पाळी प्रत्येकाला मिळाली पाहिजे.

अम्मी-अब्बांनो, जुना मोजा आणि हातभर दोरी प्रत्येक घरात सापडते. या थंडीत ती ओसरीत टांगा. भावाला सहा चेंडू, तर बहिणीलाही सहाच.