दमाची परीक्षा आणि लगामाचा हात

इंग्लंड व आयर्लंड या देशांत अडथळ्यांच्या घोडदौडीचे जितके शौकीन आहेत, तितकेच तिचे पंडितही आहेत. एप्रिल महिन्यात लिव्हरपूलनजीक ऐन्ट्रीच्या मैदानावर ‘ग्रँड नॅशनल’ ही शर्यत होते आणि ती आटोपली की हे पंडित वादास बसतात. अमुक घोड्यास चार मैलांचा दम नव्हता की जमीन त्यास मानवली नाही. पाऊस आणखी दोन तास पडता तर तमुक घोडा पुढे आला असता की नाही. पाठीवरचे सात पौंड अधिक वजन त्यास भोवले की स्वाराने घाई केली. हा काथ्याकूट पुढच्या वर्षीची शर्यत येईपर्यंत पुरतो. या वादास आम्ही हसत नाही. त्यात निरीक्षण आहे, स्मरण आहे आणि पुष्कळदा खरे ज्ञानही आहे. आमची तक्रार निराळी आहे. जी गोष्ट शौकिनास शर्यत संपल्यावर इतक्या बारकाईने समजते, ती शर्यत चालू असताना घोड्याच्या उपयोगी का पडू नये, हा प्रश्न तो स्वतःस विचारीत नाही.

ज्या वाचकांनी मुंबईस महालक्ष्मीची घोडदौड पाहिली आहे, त्यांनी या शर्यतीची कल्पना तीवरून करू नये. महालक्ष्मीची दौड सपाटीवरची. तेथील प्रसिद्ध इंडियन डर्बी २४०० मीटरांची. नॅशनल सुमारे ६९०० मीटरांची असून तीत ३० उड्या आहेत. १७५२ साली आयर्लंडातील कॉर्क परगण्यात दोघा गृहस्थांनी पैज मारून बटेव्हंटच्या चर्चच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओढे उडवीत, घोडे फेकले. मनोऱ्यास तिकडे ‘स्टीपल’ म्हणतात, म्हणून ‘स्टीपलचेस’ हे नाव पडले, अशी परंपरा सांगतात. नॅशनल १८३९ पासून मोजली जाते.

आता दम आणि जमीन यांचा संबंध काय तो पाहू. व्यापारी वाचकांस तो चटकन कळेल. दम हे घोड्याचे भांडवल आहे आणि जमीन हा त्या भांडवलावरचा खर्च आहे. भरधाव दौडणारा घोडा टापांच्या प्रत्येक फेरीत एकच श्वास घेतो. तोंडाने श्वास घेण्याची सोय निसर्गाने त्यास दिलेली नाही. जमीन कठीण असली म्हणजे त्याची झेप लांब पडते, श्वास थोडे लागतात व वेग वाढतो. पण त्या वेगात तो पडला तर हाड शाबूत राहणे कठीण. उलट चिखल असला म्हणजे प्रत्येक पाय रुततो आणि उपसून काढावा लागतो. वेग मंदावतो, पडण्याचा आघात थोडा सौम्य होतो, परंतु भांडवल अर्ध्या वाटेतच सरते. तात्पर्य, कठीण जमीन घोड्यास एका रीतीने मारते आणि चिखल दुसऱ्या रीतीने. १९९० साली कठीण जमिनीवर मिस्टर फ्रिस्क या घोड्याने ८ मिनिटे ४७.८ सेकंदांत शर्यत जिंकून उच्चांक केला. त्याच शर्यतीत दोन घोडे प्राणास मुकले. ११ वर्षांनी, २००१ साली, मैदानाचा नुसता रेंदा झाला होता. ४० घोडे सुटले. रेड मॉरॉडर जिंकला, त्यास ११ मिनिटे लागली; त्यामागे तिघेच पोहोचले आणि त्यांतही दोघांचे स्वार वाटेत खाली आले असून पुन्हा चढून आले होते. त्या दिवसाचे वर्णन आजही ‘शौर्याची शर्यत’ म्हणून करणारे लोक आहेत. स्वाराने पडल्यावर पुन्हा त्याच घोड्यावर चढून शर्यत पुरी करण्याची ही चाल ब्रिटनमध्ये २००९ साली नियमाने बंद झाली, हे त्या शौर्याविषयी पुरेसे बोलके आहे.

परंतु शौकिनांच्या वादाचे सर्वांत मोठे स्थळ १९७३ ची शर्यत हेच होय. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियातून आलेला धिप्पाड घोडा. दोन मैलांच्या शर्यतीत त्याची कीर्ती मोठी. त्याच्या पाठीवर १२ स्टोन, म्हणजे १६८ पौंड वजन. रेड रम याच्या पाठीवर त्याहून २३ पौंड कमी. दुसऱ्या फेरीत क्रिस्प सर्वांच्या वीसेक घोड्यांच्या लांबीइतका पुढे होता. शेवटचा अडथळा ओलांडल्यावर राहिली सुमारे ४९४ यार्डांची मोकळी धाव. तेथे त्याचे पाय लटपटू लागले, तो वाकडा जाऊ लागला आणि खांबापाशी रेड रमने त्यास पाऊण लांबीने गाठले. वेळ ९ मिनिटे १.९ सेकंद, पूर्वीचा उच्चांक जवळजवळ १९ सेकंदांनी मोडला होता. क्रिस्पला दम नव्हता, की वजनाने तो हरला, की कठीण जमिनीवरील स्वतःच्याच वेगाने त्यास खाल्ले? पन्नास वर्षे उलटली तरी हा वाद मिटलेला नाही. त्याचा स्वार रिचर्ड पिटमन मात्र पंडितांपेक्षा शहाणा निघाला. शेवटच्या वळणाशी लगामावरचा हात काढून आपण चाबूक उगारला ही आपली चूक झाली, असे त्याने पुढे उघडपणे कबूल केले. आमच्या मते त्या शर्यतीतील सर्वांत मोलाची गोष्ट तीच. थकलेल्या जनावरास आधार हवा होता, मिळाला चाबूक.

त्यानंतर सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. २०१२ साली दोन घोडे मेले; त्यांतील सिंक्रोनाइज्ड हा त्याच वर्षीचा चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकणारा होता. पुढच्याच वर्षापासून अडथळ्यांच्या पोटातील लाकडी खुंट काढून तेथे लवचिक प्लास्टिक घातले. कोरडे पडू लागलेले मैदान पाणी देऊन मऊ राखण्याचा परिपाठ पडला. २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली आणि पहिला अडथळा ६० यार्ड अलीकडे घेतला, हेतू हा की प्रारंभीचा बेफाम वेग आवरावा. जुन्या मताचे शौकीन म्हणतात, शर्यतीतील राम गेला. आणि अडथळे सोपे केल्याने वेग वाढून धोकाही वाढतो. यांपैकी दुसरा आक्षेप पोकळ नाही, म्हणूनच तो जमीन मऊ राखण्याच्या बाजूने जातो. शर्यतच बंद करा म्हणणाऱ्यांचा पक्षही इंग्लंडात प्रबळ आहे. २०२३ साली त्यांच्या निषेधामुळे शर्यत उशिरा सुटली. त्यांचा हेतू शुद्ध आहे याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु जोवर शर्यत चालू आहे तोवर त्या दिवशी धावणाऱ्या घोड्याचे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी नाही.

२०२४ साली ३२ घोडे सुटले आणि एकही घोडा पडला नाही. चौघांचे स्वार खाली आले, २१ घोडे पोहोचले आणि ७ घोडे त्यांच्या स्वारांनी होऊन थांबविले. या सातांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. दम सरला हे ज्यांनी काठीवर बसून नव्हे तर जिनावर बसून ओळखले, ते हे सात. घोडदौडीच्या पत्रकांत अशा घोड्याच्या नावापुढे ‘पी’ हे अक्षर छापतात आणि शौकीन ते अक्षर काळ्या डागासारखे वाचतात. पैसे लावणारा चिडतो, मालक खिन्न होतो. वर नॅशनलचे बक्षीस दहाव्या क्रमांकापर्यंत वाटले जाते, तेव्हा दमलेला घोडाही रेटीत न्यावा असा मोह रचनेतच घातलेला आहे.

तो मोह कोठवर नेतो हे २०२५ साली दिसले. सेलेब्र दालेन हा १३ वर्षांचा घोडा बराच काळ पुढच्यांत होता. शेवटी शेवटी त्याचे बळ संपले, तो मैदानावर कोसळला आणि तीन दिवसांनी मेला. तो केवळ थकव्यानेच मेला असे आम्ही म्हणत नाही. तो निवाडा पशुवैद्यांचा. परंतु घोड्यापाशी देण्याजोगे काही उरले नसता तो पुढे नेला, असे ठरवून पंचांनी त्याच दिवशी स्वारास दहा दिवसांची बंदी फर्माविली. स्वारास दंड करणे सोपे आहे. त्याने शेवटून दुसऱ्या अडथळ्यापूर्वीच लगाम खेचला असता तर त्याच शौकिनांनी त्यास काय म्हटले असते?

म्हणून आमची सूचना एवढीच की, नॅशनलची दहाव्या क्रमांकापर्यंतची बक्षिसे पहिल्या पाचांपुरती ठेवून बाकीची रक्कम घोडा सुस्थितीत परत आणणाऱ्या स्वारांस व त्यांच्या तबेल्यांतील मोतद्दारांस द्यावी. घोड्याची तपासणी मैदानावरील पशुवैद्याने करावी. आणि ‘पी’ या अक्षराशेजारी घोडा कोणत्या अडथळ्यापूर्वी व कोणत्या अवस्थेत थांबविला तेही छापावे. जमीन आणि दम यांवर वर्षभर वाद घालणाऱ्यांस त्या एका ओळीत पुष्कळ वाचावयास मिळेल.